रीस्टार्टच्या आधीची दोन मिनिटं

अ‍ॅप्लिकेशन कोसळलं तर निदान काहीतरी सांगून जातं. प्रोसेस मरते, एरर लॉगमध्ये शेवटची ओळ पडते, मेमरी संपली असेल तर कर्नल तशी नोंद करून ठेवतो. अडकलेल्या अ‍ॅपचं तसं नसतं. प्रोसेस चालू दिसते, पोर्ट उघडं असतं, सीपीयू जेमतेम तीन-चार टक्के, मेमरी ठीक, आणि ब्राउझरमधलं चक्र मात्र फिरत राहतं. लॉग उघडावा तर शेवटची ओळ दहा मिनिटांपूर्वीची, तीही कुणीतरी लॉगिन केल्याची. डॅशबोर्ड हिरवा, फोन मात्र खणखणतायत. मग कुणीतरी रीस्टार्ट मारतं, सगळं सुरळीत होतं, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच.

याचा त्रास फक्त संगणकवाल्यांना होतो असं नाही. सरकारी कचेरीच्या खिडकीवर किंवा बँकेत ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ हे ऐकून माघारी फिरणाऱ्या माणसाचा दिवस बुडतो, कित्येकदा त्या दिवसाची मजुरीही. खिडकीच्या आतल्या कर्मचाऱ्याला शिव्या पडतात आणि त्याच्याही हातात काही नसतं. हिंजवडी-खराडीत अमेरिकेच्या दिवसाशी आपली रात्र जुळवून बसलेल्या सपोर्टच्या मुलामुलींना हाच प्रश्न रात्री तीनला सोडवायचा असतो, आणि हाताशी असतो तो गप्प लॉग. म्हणून हा विषय एकदा सबंध पाहायला हवा: अ‍ॅप अडकतं कुठे, लॉग गप्प का राहतो, आणि अडकलेल्या प्रोसेसकडून खरी माहिती कशी काढायची.

लॉग गप्प का, याचं कारण बहुतेक वेळा तो लिहिण्याच्या पद्धतीतच असतं. एनजिनएक्स आणि अपाचे या दोन्ही वेब सर्व्हरांच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये ओळ पडते ती रिक्वेस्ट पुरी झाल्यावर. किती बाइट गेले, कोणता स्टेटस कोड गेला, हे तोवर ठरलेलंच नसतं. म्हणजे अ‍ॅक्सेस लॉग ही सुटलेल्या रिक्वेस्टची यादी. अडकलेली रिक्वेस्ट त्या यादीत नसतेच, आणि रीस्टार्ट झाला की अ‍ॅप सर्व्हरच्या दृष्टीने ती कधी आलीच नव्हती. पुढच्या प्रॉक्सीच्या लॉगमध्ये फार तर एक ५०२ उरतो, आणि नुसत्या ५०२ वरून कारण कळत नाही. अ‍ॅपचा स्वतःचा लॉगही असाच. आपण लिहितो ते ‘ऑर्डर जतन झाली’, ‘ईमेल गेला’. ‘आता पेमेंट गेटवेच्या उत्तराची वाट पाहायला लागतोय’ अशी ओळ क्वचितच कुणी लिहितं.

अपाचेमध्ये याला जुना, फारसा वापरात नसलेला उतारा आहे. मॉड लॉग फोरेन्सिक नावाचं मॉड्यूल प्रत्येक रिक्वेस्टसाठी दोन ओळी लिहितं, आत येताना अधिक चिन्हाने आणि संपताना वजा चिन्हाने. ज्या क्रमांकाला अधिक आहे पण वजा नाही, ती अडकलेली. इतकी साधी कल्पना आहे, पण बहुतेक लॉगिंगच्या रचनेत ती सापडत नाही. एनजिनएक्सवाल्यांनी निदान एवढं करावं: ठरावीक ‘कंबाइन्ड’ फॉरमॅटमध्ये रिक्वेस्टला लागलेला वेळ आणि मागच्या सर्व्हरने घेतलेला वेळ हे दोन्ही नसतात, ते हाताने घालावे लागतात. ते घातले की ४९९ आणि ५०४ या कोडना अर्थ येतो. ४९९ म्हणजे कंटाळून समोरच्यानेच ब्राउझर बंद केला. ५०४ म्हणजे प्रॉक्सीने आपल्या मर्यादेपर्यंत, न बदललेली असेल तर साठ सेकंद, वाट पाहून नाद सोडला. अ‍ॅप अडकायला लागलं की एरर लॉगच्या आधी या दोघांची संख्या चढते.

अडकलेल्या प्रोसेससमोर पहिला प्रश्न एवढाच विचारायचा: ही काम करतेय की वाट पाहतेय? या एका प्रश्नाने निम्मं मैदान साफ होतं.

काम करणारी, म्हणजे सीपीयू शंभर टक्के खाऊन बसलेली प्रोसेस तुलनेने लवकर सापडते. २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो हे संकेतस्थळ ३४ मिनिटं बंद होतं. कुणीतरी टाकलेल्या एका मजकुरात एका ओळीत सुमारे वीस हजार स्पेस सलग होत्या, आणि ओळीच्या कडेच्या मोकळ्या जागा छाटणारं एक रेग्युलर एक्स्प्रेशन त्यांवर चाललं. स्पेस ओळीच्या शेवटी नव्हत्या, पुढे एक अक्षर होतं, म्हणून इंजिन पहिल्या स्पेसपासून वीस हजार पावलं गेलं, फसलं, दुसऱ्या स्पेसपासून पुन्हा निघालं, पुन्हा फसलं. बेरीज जवळजवळ वीस कोटी तपासण्यांवर जाते. तो मजकूर मुखपृष्ठावर आला होता आणि लोड बॅलन्सर सर्व्हर जिवंत आहे की नाही हे त्याच मुखपृष्ठावरून पाहत होता. परिणामी त्याने सगळेच सर्व्हर बाद ठरवले. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअरच्या फायरवॉलच्या एका नव्या नियमात असंच एक एक्स्प्रेशन शिरलं आणि त्यांच्या जगभरच्या सर्व्हरांचे सीपीयू भरले. २७ मिनिटं असंख्य संकेतस्थळं उघडत नव्हती. या दोन्हींत कोडमध्ये एररच नव्हती. इंजिन सांगितलेलं काम इमानदारीने करत होतं, मग लॉगमध्ये लिहायचं काय?

जावामध्ये याचा जुना नमुना म्हणजे हॅशमॅप. जावा ८ च्या आधीच्या आवृत्त्यांत दोन थ्रेडनी एकाच वेळी तो वाढवला तर आतल्या साखळीत गोल फास पडायचा आणि पुढे नुसतं वाचायला येणारा थ्रेडही त्यात कायमचा फिरत राहायचा. असा थ्रेड पकडायची रीत सांगण्यासारखी आहे. टॉप कमांड थ्रेडनिहाय लावायची, सगळ्यात जास्त सीपीयू खाणाऱ्याचा क्रमांक घ्यायचा, तो हेक्समध्ये बदलायचा, कारण थ्रेडचे स्टॅक छापणाऱ्या जेस्टॅकच्या यादीत जुन्या जावा आवृत्त्यांत तो हेक्समध्येच असतो, आणि त्या क्रमांकाचा थ्रेड यादीत शोधायचा. कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीवर फिरतोय ते समोर येतं.

पण बहुतेक हँग दुसऱ्या जातीचे असतात. सीपीयू रिकामा, सगळे वाट पाहतायत. इथे गणित ठाऊक असलं पाहिजे.

प्रत्येक वेब अ‍ॅपमध्ये मोजक्या जागांचे संच असतात. टॉमकॅटमध्ये काही न बदलता २०० थ्रेड, हिकारीसीपी या कनेक्शन पूलमध्ये १० कनेक्शन, पोस्टग्रेसमध्ये १०० जोडण्या, मायएसक्यूएलमध्ये १५१. बँकेत दहा खिडक्या असाव्यात आणि आत उभं राहायला दोनशे माणसांची जागा, असा हा हिशेब. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो की आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. एक क्वेरी २० मिलिसेकंदांत होत असेल तर दहा कनेक्शन सेकंदाला ५०० क्वेऱ्या पेलतात. त्याच क्वेरीला एखाद्या दिवशी ४ सेकंद लागले, टेबल वाढलं म्हणून किंवा इंडेक्स वापरात येईनासा झाला म्हणून, तर तीच दहा कनेक्शन सेकंदाला अडीच पेलतात. सेकंदाला ५० रिक्वेस्ट येत असतील तर साडेसत्तेचाळीस मागे साचतात. दोनशे थ्रेड भरायला सव्वाचार सेकंद पुरतात. त्यानंतर डेटाबेसशी काडीचा संबंध नसलेलं ‘आमच्याविषयी’चं पानसुद्धा उघडत नाही.

या गणितामुळेच हँग अचानक आल्यासारखा वाटतो. काल ठीक होतं, आज सकाळपर्यंत ठीक होतं, अकरा वाजता एकदम बंद. प्रत्यक्षात क्वेरी महिनाभर हळूहळू जड होत गेलेली असते आणि अकराला तिने काठ ओलांडलेला असतो. हिकारी ३० सेकंद थांबून ‘कनेक्शन उपलब्ध नाही’ अशी एरर लिहितो. ही ओळ फसवी आहे. जो थ्रेड कनेक्शन न मिळाल्याने उपाशी राहिला त्याची ती तक्रार असते. जो कनेक्शन धरून बसला त्याचं नाव त्यात नसतं. त्यावर पूलचा आकार दहाचा पन्नास केला जातो, आणि दुखणं अ‍ॅपमधून डेटाबेसमध्ये सरकतं. हिकारीमध्येच लीक डिटेक्शनची सोय आहे. ठरावीक वेळेपेक्षा जास्त कनेक्शन धरून ठेवलं तर धरणाऱ्याचा स्टॅक ती लॉगमध्ये छापते. आपण चालू करेपर्यंत ती बंद असते.

डेटाबेसच्या आत सर्वांत जास्त छळणारा प्रसंग मला वाटतं हा. कुणीतरी दुपारी डेटाबेसच्या खिडकीत एक ट्रान्झॅक्शन उघडतं, एक सिलेक्ट चालवतं, उत्तर पाहतं आणि कमिट न करता जेवायला जातं. सिलेक्टने टेबलवर अगदी हलकं लॉक घेतलेलं असतं, नुसतं वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या कुणालाही न अडवणारं. तेवढ्यात डिप्लॉयमेंटचा एक भाग म्हणून त्याच टेबलवर ऑल्टर टेबल येतं. त्याला पूर्ण मालकीचं लॉक हवं असतं, म्हणून ते त्या सिलेक्टच्या मागे थांबतं. आता त्यानंतर येणारा प्रत्येक सिलेक्ट त्या ऑल्टरच्या मागे थांबतो, कारण पोस्टग्रेसमध्ये लॉकची रांग मोडून पुढे जाता येत नाही. दहा सेकंदांत सगळं अ‍ॅप गार. डेडलॉक म्हणावं तर तोही नाही. तो पोस्टग्रेस एका सेकंदानंतर स्वतः तपासायला घेतो आणि एकाला मारतो. इथे फास नाही, सरळ रांग आहे, आणि रांगेत थांबायची वेळमर्यादा आपण घातल्याशिवाय शून्य, म्हणजे अमर्याद असते. लॉकसाठी किती वाट पाहिली याची नोंद करणारं सेटिंग बहुतेक ठिकाणी बंद असतं. म्हणून डेटाबेसचा लॉगही गप्प.

हे सापडतं कसं? पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी या व्ह्यूमध्ये प्रत्येक जोडणी काय करतेय, कशाची वाट पाहतेय आणि कधीपासून, हे दिसतं. ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ असं लिहिलेली आणि पाऊण तास जुनी ओळ दिसली की थांबावं. पीजी ब्लॉकिंग पिड्स हे फंक्शन कोण कुणाला अडवतंय तेही सांगतं. हे फंक्शन आणि ट्रान्झॅक्शन उघडं टाकून बसणाऱ्याला ठरावीक वेळाने बाहेर काढणारं सेटिंग, दोन्ही २०१६ च्या ९.६ आवृत्तीत आलं. मायएसक्यूएलमध्ये शो प्रोसेसलिस्ट हेच काम करतं. तिथे इनोडीबीच्या ओळींच्या लॉकवर ५० सेकंदांची मर्यादा आधीपासून असते, म्हणून तिथले हँग ५० सेकंदांच्या टप्प्यांनी येतात. सरावलेला माणूस त्या ५० वरूनच ओळखतो. कोणत्याही हँगमध्ये ३०, ५०, ६०, १२७ असे ठरावीक आकडे वारंवार दिसू लागले तर ते कुणाच्या तरी टाइमआउटचे आहेत असं समजून त्याचा मालक शोधावा. लिनक्सवर पलीकडचं मशीन मुळीच उत्तर देत नसेल तर नवी टीसीपी जोडणी सुमारे १२७ सेकंदांनी हार मानते.

आणि जोडणी आधीच झालेली असेल तर? तर ती हार मानेलच असं नाही. नेटवर्कवरच्या शांततेतून जेवढे हँग जन्मतात तेवढे दुसऱ्या कशातून क्वचितच जन्मत असतील. दोन मशीनांच्या मधला फायरवॉल किंवा नॅट बराच वेळ गप्प असलेली जोडणी आपल्या तक्त्यातून काढून टाकतो. अ‍ॅमेझॉनच्या नॅट गेटवेवर ही मर्यादा ३५० सेकंदांची आहे. दुसऱ्या टोकाच्या डेटाबेसला किंवा अ‍ॅपला हे बऱ्याचदा कळतच नाही. लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह चालू केला तरी पहिली चौकशी ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी करतो. रात्रभर निजलेल्या पूलमधलं कनेक्शन सकाळी पहिल्या रिक्वेस्टला दिलं जातं, ती त्यावर क्वेरी लिहिते आणि उत्तराची वाट पाहत बसते. पायथनची रिक्वेस्ट्स ही अतिशय लोकप्रिय लायब्ररी टाइमआउट दिला नाही तर कितीही वेळ थांबते. पलीकडची सेवा जोडणी घेऊन गप्प बसली की आपला वर्करही तिच्यासोबत बसतो.

मायकेल नायगार्ड यांच्या २००७ च्या ‘रिलीज इट!’ या पुस्तकात एका विमान कंपनीची हकिगत आहे. रात्री डेटाबेस एका मशीनवरून दुसऱ्यावर हलवला, सगळं नीट झालं, आणि दोनेक तासांनी विमानतळावरचे चेक-इनचे किऑस्क एकाच वेळी थिजले. तिथल्या चमूने एक गोष्ट अचूक केली. सेवा चालू करणं पहिलं, हे ठरलेलंच होतं, पण रीस्टार्ट करण्याआधी त्यांनी जावा सर्व्हरांचे थ्रेड डंप, म्हणजे प्रत्येक थ्रेड त्या क्षणी कोडच्या कोणत्या ओळीवर उभा आहे याची नोंद, घेऊन ठेवले. त्या डंपमध्ये किऑस्कच्या सर्व्हरचे सगळे थ्रेड सॉकेटवरून वाचण्याच्या एकाच ओळीत उभे होते, म्हणजे पलीकडच्या सेवेच्या उत्तराची वाट पाहत. पलीकडच्या सेवेचे थ्रेड कनेक्शन पूलसमोर उभे. तिथून माग काढत कोडपर्यंत गेल्यावर सापडलं ते असं: स्टेटमेंट बंद करताना एक्सेप्शन येऊ शकतं हे कुणी धरलं नव्हतं. ते आलं की पुढची कनेक्शन बंद करायची ओळ चालायचीच नाही. डेटाबेस हलल्यावर जुन्या प्रत्येक कनेक्शनने ते एक्सेप्शन दिलं आणि पूल एकेक करून रिता झाला. डंप नसते तर त्या रीस्टार्टनंतर हातात काहीच राहिलं नसतं.

थ्रेड डंप घेणं अवघड नाही, आणि एवढं कमी घेतलं जातं याचं मला खरोखर वाईट वाटतं. जेव्हीएमला क्विट सिग्नल पाठवला की ती न मरता सगळ्या थ्रेडचे स्टॅक आपल्या आउटपुटवर छापते. जेस्टॅकही तेच करतं. गो भाषेचा प्रोग्राम त्याच सिग्नलवर सगळ्या गोरूटीन छापतो, पण नंतर संपतो, हे लक्षात ठेवावं. चालत्या पायथन प्रोसेसला हात न लावता पाय-स्पाय तिचा स्टॅक दाखवतं. पीएचपी-एफपीएमला स्लो लॉग आहे: ठरावीक सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळलेल्या रिक्वेस्टचा स्टॅक तो स्वतः लिहितो, फक्त मर्यादा घालून द्यावी लागते. टॉमकॅटमध्ये अडकलेल्या थ्रेडची स्टॅकसकट नोंद करणारा व्हॉल्व्ह आहे. हे काहीच नसेल तर एसट्रेस प्रोसेसला जोडावं. एकच रीड कॉल अर्धवट छापून पडदा थांबला, तर त्यातला फाइल डिस्क्रिप्टरचा आकडा घेऊन एलसॉफमध्ये पाहावं. तो सॉकेट कोणत्या पत्त्याशी जोडलाय ते दिसतं, आणि तोच तुमचा संशयित. डंप एक घेऊन भागत नाही. दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन घ्यावेत. तिन्हींत एकाच ओळीवर उभा असलेला थ्रेड अडकलेला. जागा बदलणारा नुसता संथ. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम.

काही जागा झटकन सांगून पुढे जातो. पीएचपीचं फाइलवर ठेवलेलं सेशन रिक्वेस्ट संपेपर्यंत लॉक असतं. त्यामुळे एका टॅबमध्ये जड रिपोर्ट लावणाऱ्याचे बाकीचे टॅब थिजतात, दुसऱ्याचे चालतात, आणि तक्रार फक्त एका माणसाची म्हणून उडवून लावली जाते. सेशनमधलं काम उरकताच ते लिहून बंद केलं की प्रश्न मिटतो. एनएफएसचा, म्हणजे नेटवर्कवरून फाइली देणारा, सर्व्हर गेला की त्यावर वाचणारी प्रोसेस डी, म्हणजे मध्येच मोडता न येणाऱ्या प्रतीक्षेच्या, अवस्थेत जाते. लिनक्स अशा प्रोसेस लोड अ‍ॅव्हरेजमध्ये धरतो, म्हणून लोड ऐंशी आणि सीपीयू रिकामा असं विचित्र चित्र दिसतं. नोडमध्ये एकच इव्हेंट लूप असतो. त्यात एखादी मोठी जेसन फाइल उलगडायला घेतली की तेवढा वेळ कुणालाच उत्तर मिळत नाही.

लॉगच हँगचं कारण असू शकतो, हे मात्र सावकाश सांगायला हवं, कारण तिकडे कुणी पाहत नाही. लिनक्समधल्या पाइपमध्ये साधारणपणे ६४ किलोबाइट मावतात. अ‍ॅप आउटपुटवर लिहितं, पलीकडे ते वाचणारा प्रोग्राम काही कारणाने थांबतो, पाइप भरतो, आणि अ‍ॅपची पुढची लॉगची ओळ लिहिण्याचा कॉल परतच येत नाही. ज्या थ्रेडने ती लिहायला घेतली त्याच्या हातात लॉगरचं लॉक असतं, आणि बाकीचे सगळे थ्रेड आपापली ओळ लिहायला त्या लॉकपाशी रांग लावतात. डॉकर मूळ सेटिंगमध्ये याच अडवणाऱ्या रीतीने लॉग पोचवतो. लॉगफोरजेच्या जुन्या १ आवृत्तीत एकाच लॉकपाशी थिजलेले शेकडो थ्रेड हे डंपमधलं नेहमीचं दृश्य होतं. अशा हँगमध्ये लॉग गप्प असणं हा योगायोग नसतो. पायथनचं आउटपुट टर्मिनलऐवजी पाइपकडे जात असेल तर ते बफरमध्ये साठून मगच बाहेर पडतं. मरण्यापूर्वीच्या सर्वांत महत्त्वाच्या ओळी तिथेच राहतात.

आता रीस्टार्टचा वाद. टँडेम कंपनीत असताना जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये संगणक बंद का पडतात यावर निबंध लिहिला. चालू यंत्रणांतले बहुतेक उरलेले दोष पुन्हा केलं की दिसेनासे होणाऱ्या जातीचे असतात, असं त्यांचं प्रतिपादन होतं. स्टॅनफर्डचे जॉर्ज कँडिया आणि आर्मांडो फॉक्स २००३ मध्ये त्याही पुढे गेले: सॉफ्टवेअर थांबवायची एकच वाट ठेवा, ती म्हणजे मारणं, आणि उठणं इतकं जलद करा की मारायला भीती वाटू नये. ही मांडणी मला पटते. काउंटरवर रांग उभी असताना कारण शोधत बसणं हा रांगेतल्या माणसांवर अन्याय आहे. पण कुबरनेटीसने हे इतकं सोपं केलंय की पुरावा कुणाच्या हाती लागतच नाही. लाइव्हनेस तपासणी सहसा दर दहा सेकंदांनी होते, ओळीने तीनदा उत्तर आलं नाही की कंटेनर मारला जातो, आणि सकाळी आलेल्या माणसाला फक्त रीस्टार्टचा आकडा वाढलेला दिसतो. कंटेनर थांबवण्याआधी एखादी कमांड चालवायची सोय तिथेच आहे. त्यात थ्रेड डंप घेऊन बाहेरच्या डिस्कवर लिहिला तर सेवाही लवकर उठते आणि पुरावाही उरतो. जिथे रीस्टार्ट आपोआप होतो तिथे डंपही आपोआप झाला पाहिजे.

मोठमोठ्यांचीही यातून सुटका झालेली नाही. २८ ते ३१ ऑक्टोबर २०२१ रोब्लॉक्स हा खेळ ७३ तास बंद होता. सगळ्या सेवा ज्यावर एकमेकींना शोधतात ती कॉन्सुल ही यंत्रणा मंदावली होती, आणि मंद का झाली ते दाखवणारी देखरेखसुद्धा तिच्यावरच अवलंबून होती. हार्डवेअर खराब असेल म्हणून जास्त कोअरची मशीनं लावली तर दुखणं वाढलं. अखेर पर्फ या सीपीयू कुठे खर्च होतो ते मोजणाऱ्या साधनाच्या नोंदी आणि फ्लेम ग्राफ पाहताना कळलं की कॉन्सुलमधली नव्याने चालू केलेली स्ट्रीमिंगची सोय एकाच गो चॅनेलवर गर्दी करत होती. आजारी यंत्रणेच्या खांद्यावरच तिला तपासणारी यंत्रणा बसवू नये हे सगळ्यांना माहीत असतं; प्रत्यक्षात ते पाळलेलं क्वचित दिसतं. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांसह काही जणांनी अशा दुखण्याला ‘ग्रे फेल्युअर’ असं नाव दिलं. अ‍ॅपच्या नजरेला यंत्रणा आजारी असते आणि तपासणाऱ्याच्या नजरेला ठणठणीत. ‘मी आहे’ एवढंच सांगणारी हेल्थ चेक ही त्याची घरगुती आवृत्ती. ती वेगळ्या थ्रेडवर चालते, पूलला हातच लावत नाही, म्हणून कायम हिरवी राहते.

गेल्या पंधरा वर्षांत या सगळ्यावर उत्तर म्हणून ट्रेसिंग पुढे आलं. गूगलने २०१० मध्ये डॅपरवरचा निबंध प्रसिद्ध केला, २०१९ मध्ये दोन प्रकल्प एकत्र येऊन ओपनटेलेमेट्री झालं. एक रिक्वेस्ट दहा सेवांतून कशी गेली ते आता पाहता येतं, आणि संथपणा शोधायला याच्यासारखं साधन नाही. हँगसाठी मात्र जपून वापरावं. ओपनटेलेमेट्रीमध्ये एखादा स्पॅन, म्हणजे रिक्वेस्टच्या प्रवासातला एक टप्पा, बाहेर पाठवला जातो तो संपल्यावर. जो संपलाच नाही तो ट्रेसमध्ये दिसत नाही. अ‍ॅक्सेस लॉगची जी उणीव तीच इथे नव्या रूपात आहे, आणि त्यामुळे चालत्या प्रोसेसला विचारण्याची जुनी रीत अजून टाकता येत नाही.

ती रीतही नव्या रनटाइमसमोर अडखळते, हे नेटफ्लिक्सच्या अभियंत्यांनी २०२४ मध्ये मांडलेल्या एका प्रकरणात दिसलं. जावा २१ आणि व्हर्च्युअल थ्रेडवर नेलेले त्यांचे काही सर्व्हर अधूनमधून थिजत. जेव्हीएम जिवंत, ट्रॅफिक शून्य, आणि क्लोज-वेट अवस्थेतल्या, म्हणजे समोरच्याने बंद केलेल्या पण आपण अजून न सोडलेल्या, सॉकेटचा ढीग. जेस्टॅक घेतला तर जेव्हीएम निवांत बसलेली, कारण त्या यादीत व्हर्च्युअल थ्रेड येतच नाहीत. जेकमांडने वेगळ्या प्रकारचा डंप घेतल्यावर हजारो थ्रेड दिसले, पण लॉक कुणाकडे आहे ते त्यातही नव्हतं. ते शोधायला हीप डंप उघडावा लागला. चार कोअरच्या मशीनवर व्हर्च्युअल थ्रेड वाहून नेणारे थ्रेड चारच होते. चार व्हर्च्युअल थ्रेड सिंक्रोनाइज्ड ब्लॉकच्या आत एका लॉकची वाट पाहत त्या चौघांना अडकवून बसले होते. लॉक मिळण्याची पाळी पाचव्याची होती, आणि त्याला चालायला वाहकच उरला नव्हता. ते लॉक होतं ट्रेसिंगच्या लायब्ररीतलं.

सिंक्रोनाइज्डच्या आत वाहक अडकून राहण्याचा दोष मार्च २०२५ च्या जावा २४ मध्ये दूर झाला. पायथनमध्ये असिंकआयओवर चालणाऱ्या अ‍ॅपची अडचण याच जातीची होती. स्टॅक पाहिला तर नुसता इव्हेंट लूप दिसे, त्यामागे थांबलेली कामं दिसत नसत. ऑक्टोबर २०२५ च्या ३.१४ आवृत्तीपासून चालत्या प्रोसेसचा क्रमांक देऊन तिच्यातली सगळी असिंक कामं, कोण कुणासाठी थांबलंय त्या झाडासकट, बाहेरून पाहता येतात; कोडमध्ये आधी काही घालून ठेवावं लागत नाही.